रस्त्यावर येण्याआधीच ब्रेकची परीक्षा

ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला, की चाक जागीच अडकून गाडी घसरू शकते. मग स्टिअरिंग फिरवूनही ती वळत नाही. हे टाळणारी इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा बॉशने १९७८ साली बाजारात आणली. चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा फार कमी झाला, की ती ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा वाढवते, तेही एका सेकंदात अनेकदा.

आजच्या गाडीत असे निर्णय घेणारे कितीतरी छोटे संगणक, म्हणजे नियंत्रक, असतात. त्यांचा प्रोग्राम नुसता ओळीओळीने हाताने लिहिला, तर काही चुका गाडी रस्त्यावर उतरल्यावरच कळतात. म्हणून अभियंते आधी मॉडेल बांधतात. एक नियंत्रकाचे, दुसरे खुद्द गाडीचे: वजन, टायर, रस्त्याची पकड, सगळे गणितात. दोन्ही जोडून बर्फ, चिखल, झिजलेले टायर असे प्रसंग कुणाचाही जीव धोक्यात न घालता तपासता येतात.

मॉडेल पक्के झाले, की त्यातूनच सी भाषेतला कोड आपोआप तयार होतो. मग खरा नियंत्रक एका संगणकाला जोडतात आणि तो संगणक गाडीची भूमिका करतो. २०११ साली आलेले आयएसओ २६२६२ हे मानक सुरक्षेची प्रत्येक अपेक्षा कुठे तपासली याची नोंद मागते. मॉडेलमुळे ती ठेवणे सोपे जाते.

मात्र टायरचे गणितच चुकले, तर सदोष ब्रेकही चाचणीत उत्तीर्ण होईल. म्हणून खऱ्या रस्त्यावरची चाचणी टाळता येत नाही, आणि टाळूही नये.