शाबितीची दोन मापे

पुराव्याच्या कायद्याचा अभ्यास करू लागणाऱ्याला आरंभीच एक कोडे पडते. भारतात दिवाणी आणि फौजदारी अशा दोन्ही प्रकारच्या खटल्यांना पुराव्याचा एकच कायदा लागू होतो. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला १८७२ चा अधिनियम तसा होता. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हाही तसाच आहे. गोष्ट ‘शाबीत’ केव्हा समजावी, याची व्याख्याही एकच आहे. समोर आलेल्या बाबींचा विचार करता एखादी गोष्ट खरी असल्याची न्यायालयाची खात्री पटली, किंवा ती इतकी संभवनीय वाटली की समंजस माणसाने ती खरी धरून वागावे, तर ती शाबीत झाली. मग एकाच घटनेबाबत दोन न्यायालयांचे निर्णय भिन्न कसे होतात?

सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली निकालात काढलेले एक प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. रात्रीच्या वेळी एक प्रवासी बस रस्त्यावर लोंबणाऱ्या उच्च दाबाच्या विजेच्या तारेला लागली आणि अनेक प्रवासी दगावले. फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला. परंतु भरपाईच्या दाव्यात न्यायाधिकरणाने त्याचा हलगर्जीपणा शाबीत धरला. चालक निर्दोष ठरल्यावर भरपाई कशासाठी, हा बसमालकांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. शिक्षेस पात्र ठरणारा बेदरकारपणा हा भरपाईस पुरेशा हलगर्जीपणाहून अधिक गंभीर असावा लागतो, असे त्याने स्पष्ट केले.

दोन्हीकडे शाबितीचे मापही वेगळे असते. दिवाणी दाव्यात ज्या पक्षाचे म्हणणे अधिक संभवनीय, त्याचे पारडे जड ठरते. फौजदारी खटल्यात मात्र आरोप वाजवी संशयाला जागा न उरेल इतका शाबीत व्हावा लागतो. केवळ कल्पनेने उभा केलेला संशय येथे पुरेसा नाही. तो पुराव्यातूनच निघाला पाहिजे. आरोपीने स्वसंरक्षणासारखा अपवाद पुढे केला, तर तो शाबीत करण्यासाठी त्याला दिवाणी माप पुरते.

या भेदाचे कारण चुकीच्या परिणामांत आहे. दिवाणी निकाल चुकला तर एकाचे धन दुसऱ्याकडे जाते, आणि हा धोका दोन्ही पक्षांना सारखाच असतो. फौजदारी निकाल चुकला तर निरपराध माणसाचे स्वातंत्र्य, प्रसंगी प्राणही जातात. शिवाय तेथे एकट्या आरोपीसमोर पोलिसांसह सारी शासनयंत्रणा उभी असते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हा नियमही याच जाणिवेतून आला आहे. त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तिच्याशी स्पष्टपणे निगडित असलेला भाग तेवढा ग्राह्य धरला जातो.

म्हणून आरोपी सुटला की घटना घडलीच नाही, असे समजणे चुकीचे ठरते. शिक्षा देण्याइतका पुरावा न्यायालयासमोर आला नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ पुष्कळदा असतो.