श्वास कापायचा की ठेवायचा?

पावलांच्या आवाजांवर आज लिहिणार होतो. पण मध्येच दापोलीहून एका वाचक मुलीचा फोन आला. ती ऑडिओबुकं वाचते. म्हणाली, "काका, वाक्यांमधले सगळे श्वास कापून टाकले. आवाज स्वच्छ झाला, पण ऐकताना मलाच गुदमरायला होतंय." या प्रश्नापुढे पावलं थांबू शकतात.

तिने श्वासासोबत खोलीही कापली. कुठल्याही खोलीत पंख्याची, भिंतींची, रस्त्याची बारीक कुजबुज असतेच. श्वासाच्या जागी कोरी शांतता ठेवली की ती कुजबुज तुटते आणि कानाला दर वाक्याला खड्डा लागतो. शिवाय पुढचं वाक्य लांबलचक आहे की तुटक, रागाचं की रडवेलं, हे आत घेतलेल्या श्वासावरूनच आपल्याला आधी कळतं. म्हणून श्वास पुसू नये, सहा ते दहा डेसिबल खाली आणावा. तेही कंप्रेसर लावण्याआधी. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो, मग आपण एकूण पातळी वाढवतो आणि दबून बसलेला श्वास वाक्याच्या बरोबरीने वर येतो.

हे झालं निवेदनाचं. नाटक-सिनेमात उलट श्वास मुद्दाम पेरावा लागतो. डबिंगवाले त्याला 'एफर्ट्स' म्हणतात : धापा, हुंदके, ओझं उचलतानाचा हुंकार. संवादांइतकीच मेहनत त्यावर जाते. आपल्याच खेड तालुक्यातल्या गावाचं नाव मिरवणारा राही अनिल बर्वे यांचा 'तुम्बाड' (२०१८) पुन्हा बघा, खरं तर डोळे मिटून ऐका. साखळदंडातली ती झोपलेली आजी! तिच्या घोरण्या-गुरगुरण्यानेच निम्मी भीती घातलेली आहे. आजीचं काम केलंय मोहम्मद समद या मुलाने, जो त्याच सिनेमात पांडुरंगही आहे. पण तो आवाज कानात बसला की रंगभूषेखाली पोरगा असेल अशी शंकासुद्धा येत नाही. सिनेमाच्या ध्वनिसंयोजनासाठी कुणाल शर्मांना फिल्मफेअर मिळालं. माझ्या मते त्यातली खरी कमाई या गुरगुरीची आहे, पावसाची नव्हे.

पाऊस काढलाच आहे, तर आमच्या खेडची अडचण सांगतो. श्वासाला सूर नसतो. तो म्हणजे सगळ्या कंप्रतांवर पसरलेली सरसर. पत्र्यावरचा पाऊसही तसाच. सॉफ्टवेअर पंख्याची एकसुरी घरघर ओळखून काढतं, पण जुलैतल्या पावसात टिपलेला श्वास साफ करायला गेलात तर ते पावसासकट श्वासही खाऊन टाकतं. त्यात श्वास हळू, म्हणून गेन चढवावा लागतो आणि जगबुडीला पूर आल्याची बातमीही माइकवर ऐकू येऊ लागते! उपाय एकच : सर ओसरण्याची वाट पाहा, फ्रिज बंद करा, कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बसा. माइक तोंडासमोर नको, गालाच्या बाजूला वीतभर अंतरावर धरा. समोर धरलात तर हवेचा झोत पडद्यावर आदळून फटफट येते.

धापा टिपायच्या तर नटाला आधी पळवून आणू नका. आवाज घोगरा होतो आणि लय हातची जाते. दोन-चार धापा घ्या, थांबा, पुन्हा घ्या. सलग घेतल्या तर चक्कर येते, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने उतरतो.

बेन बर्टने तर १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ वेडरसाठी पाणबुड्याच्या श्वसनयंत्रात, रेग्युलेटरच्या आतच, बारीकसा माइक बसवला. श्वास एका माणसाचा, संवाद दुसऱ्याचे, अंगात पोशाख तिसऱ्याच्या, तरी पडद्यावर एकच राक्षस उभा राहिला.

दापोलीच्या मुलीने जुनी फाइल जपून ठेवलेली आहे, हे नशीब. तिच्यातले श्वास परत येतील. पावलं पुढच्या शुक्रवारी, वहाणांसकट.