इंजिन ऑइल कधी बदलायचं? आधी मॅन्युअल उघडा

"पाच हजार झालेत सर, ऑइल बदलून टाकू," असं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, तर लगेच मान डोलावू नका. ग्लव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढा. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांसाठी कंपनीनेच १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. "ऑइल काळं झालंय" हे कारण पुरेसं नाही. त्यातली डिटर्जंट द्रव्यं काजळी धरून ठेवतात, म्हणून चांगलं ऑइलही काळवंडतं.

पण अ‍ॅडव्हायझरचं म्हणणं दरवेळी खोटं नसतं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते: धुळीचे रस्ते, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास रखडणं, रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या. छोट्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही. मग ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही आणि ऑइलचा कस उतरतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रोज जाणाऱ्याने लवकर बदललेलं बरं.

इंजिन फ्लश, अ‍ॅडिटिव्ह? मॅन्युअलमध्ये नसेल तर मी सरळ नाही म्हणतो. वॉरंटी असेपर्यंत मात्र मुदत चुकवू नका, सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला आणि बिलं जपून ठेवा.