जीपचा तळ

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या बेळगावच्या घरी गाड्या धुण्याचा कार्यक्रम असतो. मी दरवर्षी त्यासाठी बेंगळुरूहून एक दिवस आधी येतो. गेल्या वर्षी पाण्याचा पाईप माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या हातात होता. तिनं स्कूटर धुतली, अंगण धुतलं, आजीला भिजवलं आणि मग पाईप सरळ बाबांच्या जीपच्या आत धरला. मी ओरडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "पप्पा, जीप गळतेय."

खरंच गळत होती. आत पडलेलं पाणी ड्रायव्हरच्या बाजूनं खाली धो धो येत होतं. मी कार्पेटचं टोक धरून उचललं. खालचं नमद्याचं अस्तर काळं पडलं होतं आणि त्याला कुबट वास येत होता. अस्तराबरोबर पत्र्याचे तपकिरी पापुद्रेही उचलून आले. क्लच दाबताना टाच टेकते तिथंच मूठ जाईल एवढं भोक होतं आणि त्यातून अंगणातली फरशी दिसत होती.

बाबांनी वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "दसरा होऊ दे. मग बघू."

आई मात्र थांबली नाही. "आता तरी विका ती," ती म्हणाली.

ही जीप म्हणजे महिंद्राची एमएम ५४०, डिझेलची, वर कॅनव्हासचं हूड. बाबांनी ती १९९६ साली जुनी घेतली. खानापूरकडच्या शेतावर जायला, भाताची पोती आणायला आणि मे महिन्यात आम्हा सगळ्या भावंडांना कोंबून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून गोव्याला न्यायला. हूड काढून चोर्ला उतरण्याची मजा ज्यांनी घेतली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आता बाबांचं वय झालंय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी आठवड्यातून दोनदा ते शेतावर जीपनंच जातात. शिवाय पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते आणि आमची मुदत जवळ आली होती. त्यामुळे तळ बदलायचा की गाडी काढून टाकायची, याचा निर्णय लांबवण्यासारखा नव्हता.

आता माझी अडचण सांगतो. ते कार्पेट मीच घातलेलं होतं. २०१२ साली, बी. ई. झाल्यावर पहिली नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून. जीपमध्ये तोवर नुसता रंगवलेला पत्रा आणि त्यावर सुटा रबराचा तुकडा असायचा. पाय भाजायचे, आवाज कानात बसायचा. मला वाटलं, बाबांच्या जीपला कारसारखं करावं. अस्तरासकट चिकटवलेलं छान राखाडी कार्पेट बसवून घेतलं आणि दिवाळीला बाबांना दाखवलं. ते खूश दिसले होते.

दसऱ्यानंतर आम्ही उद्यमबागेजवळच्या आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडे गेलो. मेस्त्री बाबांच्याच वयाचे. त्यांनी जुना स्क्रूड्रायव्हर घेतला आणि उलट्या मुठीनं सगळा तळ ठोकत गेले. चांगला पत्रा टणटण वाजतो, गंजलेला बद्द आवाज करतो. जिथं बद्द वाजलं तिथं त्यांनी खडूनं खूण केली. शेवटी जवळजवळ अर्धा तळ खडूनं भरला.

"अण्णा, हे कार्पेट कुणी घातलंय?" त्यांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "असू दे की. पुढं काय करायचं ते सांगा."

मी मान खाली घातली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. इंजिनिअरला दुसरं काय येतं?

मेस्त्रींनी समजावलं ते असं. बंद कारमध्ये कार्पेट चालतं, कारण पाणी आत येत नाही. उघड्या जीपमध्ये पाणी हुडाच्या शिवणीतून येतं, बाजूच्या पडद्यांतून येतं, चिखलाच्या बुटांबरोबर येतं. कार्पेट वरून दोन दिवसांत वाळतं, पण खालचं अस्तर स्पंजसारखं आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. गंजाला लोखंड, पाणी आणि हवा एवढंच लागतं आणि तिन्ही तिथं अंधारात शांतपणे एकत्र नांदतात. त्यात गोव्याच्या किनाऱ्यावरून पायाला लागून आलेली खारट वाळू म्हणजे आगीत तेल.

जीप मुळात याच विचारानं बनली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये कार्पेट नव्हतंच. उघडा पत्रा आणि आत आलेलं पाणी काढून द्यायला तळाला बूच लावलेली भोकं होती. आणि २०२० साली आलेल्या नव्या थारमध्येही आतून धुता येईल असा तळ आणि पाणी सोडायची बुचं दिली आहेत. मधल्या काळात मी शहाणपणा केला.

एक बरी गोष्ट म्हणजे अशा जीपची चासी वेगळी असते आणि वरची बॉडी तिच्यावर बोल्टनं बसवलेली असते. तळ गंजला म्हणून गाडीचा कणा गेला असं होत नाही. मेस्त्रींनी चासीही ठोकून पाहिली. ती ठणठणीत होती. पण सीट आणि पट्टे याच तळाला अडकवलेले असतात, त्यामुळे ते काम दिखाऊ करून चालणार नव्हतं.

आमच्या कामात चूक सापडली की आम्ही पॅच लावतो आणि पुढं जातो. मीही विचारलं, भोकावर पत्र्याचं ठिगळ मारलं तर? मेस्त्री हसले. "गंजावर ठिगळ मारलं तर गंज मरत नाही, लपतो. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, मग नवा जोडायचा." कितीतरी कोड रिव्ह्यूंमध्ये मी ऐकलेलं नाही असं वाक्य होतं ते.

पत्र्याचं काम ठरलं: १६ गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा. मी जस्ताचा मुलामा असलेला पत्रा सुचवला होता, गंज लागू नये म्हणून. पण तो वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, तो श्वासात गेला की कामगाराला ताप भरतो, आणि सांध्याजवळचा मुलामा जळून जातो तो जातोच. म्हणून साधा पत्रा आणि त्यावर नीट प्रायमर, हेच बरं.

खरा प्रश्न होता त्या पत्र्यावर काय घालायचं. त्या रात्री मी लॅपटॉपवर तक्ता मांडला. बायको म्हणाली, "लग्न ठरवतानाही असाच तक्ता केला होतास का?" तरी तक्ता उपयोगी पडला. तुमच्याकडे जुनी जीप, जिप्सी किंवा थार असेल तर तुम्हालाही पडेल, म्हणून थोडक्यात सांगतो.

कार्पेट: आवाज आणि उष्णता सगळ्यात चांगली अडवतं. उघड्या गाडीत मात्र नको. घालायचंच असेल तर चिकटवू नका, उचलून वाळवता येईल असं सुटं ठेवा.

अॅल्युमिनियमची चौकट्यांची नक्षी असलेली प्लेट: दिसायला झकास, आणि मला तीच हवी होती. पण अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून ओले राहिले की दोन धातूंमध्ये विजेच्या सेलसारखी क्रिया सुरू होते आणि झीज वाढते. खारट पाण्यात तर जास्तच. शिवाय प्लेटखाली पाणी साचतं, ते दिसत नाही, आणि उन्हात प्लेट तव्यासारखी तापते.

प्लायवूड आणि वर व्हिनाइल: बसच्या तळासारखं. सपाट जागेला ठीक, पण जीपचा तळ उंचसखल असतो. कडेनं पाणी शिरलं की लाकूड फुगतं.

रबराची चटई: स्वस्त, टिकाऊ, मापानं कापून मिळते. उचलली की खालचा पत्रा दिसतो, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. वजन जास्त. साध्या रबरावर डिझेल किंवा ऑइल सांडत राहिलं तर ते फुगतं. नायट्राइल रबर त्याला दाद देत नाही.

ईव्हीए फोमच्या चटया: हलक्या, पाणी शोषत नाहीत. पण पोती आणि फावडी यांच्यापुढं फार टिकणार नाहीत असं मला वाटलं.

फवारायचं पॉलियुरेथेनचं कोटिंग, जे पिकअप गाड्यांच्या हौद्यात मारतात: ते पत्र्याला चिकटून बसतं, मध्ये पाणी साचायला फट राहत नाही, खरखरीत असल्यानं पाय घसरत नाही. पण त्याची सगळी मदार खालच्या तयारीवर. एक गंजाचा ठिपका राहिला तर तो आत वाढत राहतो आणि वरून काहीच कळत नाही. काही प्रकार उन्हानं फिके पडतात, त्यामुळे उघड्या गाडीसाठी ऊन सहन करणारं आहे का ते विचारून घ्या.

शेवटी आम्ही दोन गोष्टींची सांगड घातली. नवा पत्रा, सांध्यांना दोन्ही बाजूंनी सीलर, इपॉक्सी प्रायमर, त्यावर फवाऱ्याचं कोटिंग. पुढं दोन्ही बाजूंना सगळ्यात खोलगट जागी एकेक भोक, कडा रंगवून, त्यात रबरी बूच. आणि वर फक्त पायाखाली दोन सुटे रबराचे तुकडे. गिअरबॉक्सवरचं झाकण स्क्रूनं बसवलेलं असतं, दुरुस्तीला ते निघावं लागतं. म्हणून ते काढून वेगळं फवारलं, सलग नाही.

ड्रायव्हरकडचा तुकडा मात्र हुकानं अडकवला. सुटी चटई सरकून पेडलखाली गेली तर काय होतं हे आपण हसण्यावारी नेतो. २००९ साली टोयोटानं अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला होता, तो चटईत अॅक्सिलरेटर अडकण्याच्या धोक्यामुळेच. चटईवर चटई तर कधीच नको.

वेल्डिंगच्या आधी मेस्त्रींनी बॅटरी सोडवली, डिझेलची टाकी उतरवली, तळाखालून जाणारी वायरिंग आणि ब्रेकची नळी बाजूला घेतली. ही कामं न करता कुणी "अर्ध्या तासात मारून देतो" म्हणत असेल तर गाडी परत न्या.

कामाला दहा दिवस लागले. मी घरूनच ऑफिसचं काम करत होतो. एके संध्याकाळी आई भाजी निवडत असताना मी म्हणालो, "बाबांना एवढी वर्षं कळलं कसं नाही?"

आई म्हणाली, "कळलं नाही कसं? पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं. मेस्त्रीनं सांगितलं होतं, काढून टाका म्हणून. पण तुझ्या पहिल्या पगाराचं होतं ना ते. कडेनं सोडवून ठेवलं होतं त्यांनी. दर पावसाळ्यात रात्री टोकं उचलून खाली रद्दी पसरायचे, सकाळी ओली रद्दी काढायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वाकता येईना, तेव्हापासून राहिलं ते."

ऑपरेशनला तीन वर्षं झाली होती. त्याआधीची आठ-नऊ वर्षं घरात जुने पेपर एवढे साठवतात कशाला, असं मी दर सुट्टीत विचारत आलो होतो.

मी बाबांना काही बोललो नाही. जीप आणायला गेलो तेव्हा मात्र विचारलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?" ते म्हणाले. "आवाज कमी झाला होता की."

आता आवाज परत आला आहे. पायही थोडे भाजतात. आईची तक्रार आहे, पण विकायचा विषय तिनं पुन्हा काढलेला नाही. मुदत आली तेव्हा गाडी तपासणीत पास झाली आणि नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी मिळाली.

जीप घरी आल्यावर बाबांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर माझ्या मुलीला पाईप आणायला सांगितलं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिनं मनसोक्त पाणी मारलं. मग बाबा कॉट धरून शेजारी बसले आणि मला म्हणाले, "बुचं तू काढ, मला वाकता येत नाही." मी खाली वाकून दोन्ही बुचं काढली. पाणी अंगणात उतरलं आणि पाच मिनिटांत तळ कोरडा झाला.

पावसाळ्यात दर शनिवारी मी फोन करतो आणि विचारतो, रबर उचलून ठेवलंय ना? ते काम आता शेजारचा मुलगा करतो. आणि मी आलो की मी.