लेथची मोटार बदलताना

मोर्शी-वरुडच्या संत्राबागा विहिरी-बोअरच्या पाण्यावर उभ्या आहेत. पंपाचा शाफ्ट घासला किंवा बुश गेला की शेतकरी लेथवाल्याकडे येतो. ऐन हंगामात त्या लेथचीच मोटार जळाली, तर मिळेल ती मोटार बसवून मशीन सुरू करण्याची घाई होते. ती करू नये.

आधी जुनी मोटार का जळाली ते शोधा. एक फेज गेलेली असताना मोटार चालली का, बेअरिंग जाम झालं का, ओव्हरलोड रिले चुकीच्या आकड्यावर होता का? कारण तसंच राहिलं तर नवी मोटारही जळेल.

मग नेमप्लेट वाचा. एचपी, व्होल्टेज, अँपिअर, जोडणी आणि आरपीएम या पाच गोष्टी उतरवून घ्या. यांतला आरपीएम सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटार साधारण १४४० फेरे घेते आणि दोन पोलची २८८०. १४४० च्या जागी २८८० ची लावली तर चक दुप्पट वेगाने फिरतो आणि त्याचे जबडे बाहेर ओढणारं बल चौपट होतं. जॉब सुटला तर समोर उभा असलेला माणूस वाचणं कठीण.

एचपी वाढवण्याआधीही विचार करा. ३ एचपी आणि ५ एचपी या दोन्ही चार पोलच्या मोटारींचा शाफ्ट सहसा २८ मिमीचाच असतो, त्यामुळे जुनी पुली बसते. पण शाफ्टची उंची १०० मिमीवरून ११२ मिमी होते आणि पायाची भोकंही जुळत नाहीत. वायर, स्टार्टर आणि रिले वाढीव अँपिअरला पुरले पाहिजेत, महावितरणकडून भारही वाढवून घ्यावा लागतो. शिवाय लेथचे गिअर जुन्याच ताकदीसाठी घडवलेले असतात.

काम सुरू करताना मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि स्विचवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावा. मल्टीमीटर आधी चालू लाइनवर तपासा, मग मोटारीच्या टर्मिनलवर फेज-फेज आणि फेज-अर्थ असं मोजा. वायरी सोडण्याआधी खुणा करून फोटो काढा. वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

नव्या मोटारीची जोडणी प्लेटवर लिहिली आहे तशीच करा. ४१५ व्होल्टला डेल्टा लिहिलेली मोटार स्टारमध्ये जोडली तर तिची सुरुवातीची ताकद एक तृतीयांशावर येते आणि लोड घेताना ती तापते. अर्थिंगची वायर बॉडीला घट्ट बसवा. रिले प्लेटवरच्या अँपिअरवर लावा. लोडशेडिंगनंतर वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये, म्हणून नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर हवाच.

पट्टा चढवण्याआधी फिरण्याची दिशा बघा. पुली बसवलेली नसेल तर शाफ्टमधली चावी आधी काढून ठेवा, नाहीतर ती उडते. बटण क्षणभर दाबून सोडा. उलट फिरली तर मेन बंद करून कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करा. आट्यांच्या स्पिंडलवरचा चक उलट दिशेने सुटू शकतो, म्हणून ही पायरी चुकवू नका.

दोन्ही पुल्या दोरी ताणून एका रेषेत आणा. सगळे पट्टे एकदमच बदला. पुल्यांमधलं अंतर अर्धा मीटर असेल तर मधोमध दाबल्यावर पट्टा साधारण ८ मिमी दबावा. पट्ट्याचं गार्ड बसवल्याशिवाय मशीन चालवू नका.

शेवटी क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजा. तो जवळपास सारखा आणि प्लेटवरच्या आकड्याच्या आत असावा. सर्वसाधारण मोटारी ४० अंश तापमान धरून बनवतात. वऱ्हाडात मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो, तेव्हा दुपारी पूर्ण लोडवर सलग काम टाळा आणि पंख्याच्या जाळीतला कीस साफ ठेवा.

मोटार मशीनला साजेशी निवडा आणि अर्धा दिवस जास्त गेला तरी एकही पायरी गाळू नका.