चंद्राचे पृथ्वीभोवती परिभ्रमण

चंद्राचे पृथ्वीभोवती परिभ्रमण : पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण व चंद्राचा स्वतःचा वेग यांच्या संयुक्त परिणामामुळे चंद्र पृथ्वीभोवती विवृत्ताकार कक्षेत फिरत राहतो. त्याचे सरासरी अंतर ३,८४,४०० किमी. असून ताऱ्यांच्या संदर्भात एका प्रदक्षिणेस २७.३२ दिवस लागतात.

चंद्राचा सरासरी वेग सेकंदास सु. १.०२ किमी. असून त्याची दिशा पृथ्वीकडील दिशेशी जवळजवळ काटकोनात असते. गुरुत्वाकर्षण नसते, तर निरूढीमुळे (जडत्वामुळे) चंद्र सरळ रेषेत दूर गेला असता. वेग नसता, तर तो पृथ्वीवर आदळला असता. प्रत्यक्षात तो दर सेकंदास सरळ मार्गापासून पृथ्वीकडे सु. १.३६ मिमी. ढळतो. म्हणजेच चंद्र सतत पडत असतो. परंतु आडव्या गतीमुळे पृथ्वीपर्यंत पोहोचत नाही. अवकाशात रोध जवळजवळ नसल्याने ही गती टिकण्यास वेगळ्या प्रेरणेची गरज नसते.

पृथ्वी जड वस्तू स्वतःकडे ओढते, असे दुसऱ्या भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथात म्हटले आहे. हेच आकर्षण चंद्रापर्यंत पोहोचते, हे न्यूटन यांनी १६८७ मध्ये गणिताने दाखविले. भूपृष्ठाजवळ वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मी. पडते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सु. ६० भूत्रिज्यांवर असल्याने तेथे आकर्षण ३,६०० पटींनी कमी होते व वरील १.३६ मिमी. हेच मूल्य मिळते [⟶ गुरुत्वाकर्षण].

ही कक्षा पूर्णतः स्थिर नाही. कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते, ती मुख्यत्वे चंद्राच्या आकर्षणाने. भरतीच्या परिणामामुळे पृथ्वीचे अक्षीय परिभ्रमण मंदावते आणि चंद्र दरवर्षी सु. ३.८ सेंमी. दूर जातो. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांच्या साहाय्याने लेसर किरणांद्वारे हे मोजण्यात आले आहे.