चढणीवरची खटखट

ठाण्याच्या एका वाचक बाई विचारतात : रोलर कोस्टर वर चढत असताना पायाखाली सारखं खट्‌ खट्‌ वाजत होतं, भाचा म्हणाला साखळी झिजलीय, तर हे खरं का? भाचेबुवांना सांगा, साखळीचा त्यात काही दोष नाही. वाजतो तो खटका, आणि तो वाजतोय म्हणजे आपलं काम चोख करतोय.

 आवाजाचा विषय निघाला की मला राहवत नाही.

डब्याच्या पोटाखाली साखळीत अडकणारा एक हुक असतो. त्याच्याजवळच बिजागरीवर लोंबणारा आणखी एक पोलादी तुकडा असतो. चढणीवर रुळांच्या मध्ये करवतीसारख्या दात्यांची पट्टी जडवलेली असते. गाडी वर सरकते तसा हा तुकडा दात्याच्या उतरत्या पाठीवरून घसटत चढतो आणि टोक ओलांडलं की पुढच्या खाचेत पडतो. खट्‌. पुढे जायला मोकळीक, मागे यायला मज्जाव. साखळी तुटो, वीज जावो, गाडी फार तर दाताभर मागे सरकून जागच्या जागी बसते. याला ना सेन्सर लागतो, ना बटण दाबायला माणूस. तुकडा आपल्याच वजनाने खाली पडतो. अख्ख्या कोस्टरमधला माझा सर्वांत लाडका भाग कोणता म्हणाल, तर हा.

अमेरिकेतल्या कोनी आयलंडवर थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने 1884 मध्ये सुरू केलेल्या कोस्टरच्या गाडीला याची गरजच नव्हती. तिथे टोकाला पोचल्यावर प्रवासी खाली उतरत आणि माणसं गाडी ढकलून वर चढवत. प्रवाशांसकट गाडी यंत्राने वर ओढायला लागल्यावर मात्र ती मागे घरंगळली तर काय, हा प्रश्न आला. 1910 च्या सुमारास त्यावर दात्यांच्या पट्टीचं पेटंट घेतलं जॉन मिलरने. गाडीला रुळाखालून धरून ठेवणाऱ्या चाकांचं 1919 चं पेटंटही याच मिलरचं. तेव्हा कोस्टर लाकडाचे होते. पोलादी नळ्यांचे रूळ 1959 साली डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्नवर आले; रूळ बदलले, खटका राहिला.

आता मात्र तो मुका होत चाललाय. नव्या रचनांत गाडी चढत असेपर्यंत तुकडा दात्यांपासून वर उचलून धरलेला असतो आणि गाडी मागे जायला लागली तरच खाली पडतो. ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या मिलेनियम फोर्सला (2000 सालची, 310 फूट उंच) तर साखळीच नाही. पोलादी दोर गाडीला सरळ वर खेचून नेतो. सुरक्षिततेत काही कमी नाही, तरी मला अशी चढण अळणी लागते. खटखट ऐकत चढताना माणूस आपसूक मोजायला लागतो, बोलणं तुटक होतं, शेजारचा उगाच हसतो. माथ्यावर खटखट थांबते तेव्हा पोटात जो गोळा येतो, तो उतार सुरू व्हायच्या आधीच आलेला असतो.

उतारावरची गर्जना हे वेगळं प्रकरण. स्वित्झर्लंडच्या बॉलिगर आणि माबिलार या कंपनीचे रूळ बघा. आपल्या खोपोलीजवळच्या इमॅजिकातली नायट्रो त्यांचीच. दोन गोल नळ्या, आणि त्यांना तोलून धरणारा चौकोनी, आतून पोकळ कणा. चाकांवर पॉलियुरेथेनचं जाड आवरण असतं, तरी भरधाव गाडीने रूळ थरथरतो आणि ती थरथर पोकळ कण्यात घुमते. तंबोऱ्याचा भोपळा तारेचा आवाज वाढवतो, तसंच. उपाय अगदी साधा : कण्यात वाळू भरायची. कण एकमेकांवर घासतात, थरथर त्यांच्यातच जिरते. वस्ती जवळ असली की पार्कवाले हा खर्च सोसतात.

देखभाल करणाऱ्यांना मात्र आवाज हवाच असतो. सकाळी फाटक उघडण्याआधी रिकामी गाडी फिरवतात, तेव्हा अनुभवी फिटर रुळाखाली कान देऊन उभा राहतो. गाडी बराच वेळ एका जागी उभी राहिली की चाकाचं आवरण वजनाखाली दबून एका बाजूला चपटं होतं. मग त्या चाकाचा ठेका ऐकू येतो : धप्‌, धप्‌, धप्‌, वेगाबरोबर वाढत जाणारा. कुठल्या डब्याखालून येतोय ते त्याला बरोबर कळतं.

इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्सला झाडांच्या शेंड्यांवर काही बांधायची परवानगी नव्हती. म्हणून 1994 ची नेमेसिस त्यांनी खडक फोडून केलेल्या खड्ड्यात बसवली, आणि आवाजही बराचसा खडकांनी अडवला. तरीही पार्कच्या गोंगाटाविरुद्ध शेजारी न्यायालयात गेलेच, आणि पार्कवर आवाजाची मर्यादा आली. रुळांत वाळू भरता येते. नेमेसिसवर लटकलेल्या बत्तीस जणांच्या किंकाळ्यांचं काय करायचं, यावर मात्र कुणाचं पेटंट माझ्या पाहण्यात नाही.